धुळाजी हा नंबर नाही

उमापूर
१६ सप्टेंबर २०२४

रविराज,

चार सप्टेंबरला रतनबाई नदीत वाहून गेल्या. त्यांना पाण्याचा निरोप वेळेवर पाठवला होता आणि मुलानं तो पाहूनही आईला कळवला नाही, अशा मजकुराच्या कागदावर तीस तारखेपर्यंत माझी सही हवी आहे. निरोप आपल्या पूर-सूचना केंद्राच्या संगणकातल्या तुझ्या स्क्रिप्टनं पाठवला, म्हणून तुला लिहिते आहे. दुसरं कारण नाही. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवलास, म्हणून पोस्टानं.

रतनबाई म्हणजे धुळाजींची बायको. दरवर्षी आपल्या रानात मेंढ्या बसवायला यायचे ते. तुला दहावीत टायफॉइड झाला तेव्हा शेळीचं दूध त्यांच्याकडून यायचं. आठवत असेल.

पोळा होऊन दोन दिवस झाले होते. वरच्या धरणावरून बाराला फोन आला की दरवाजे उघडताहेत. बारा वाजून दहा मिनिटांनी मी आकडा आणि वेळ टाइप करून कळ दाबली. नोंदवहीत एकेचाळीस नावं छापून आली, प्रत्येकापुढे 'पाठवला'. मी कागद चिकटवला, शिक्का मारला, सही केली. दहा वर्षं जसं करत आले तसंच.

रतनबाई साठ मेंढ्या घेऊन नदीतल्या बेटावर होत्या. गवत तिथंच राहिलं होतं. पाणी अडीचला आलं. म्हणजे दोन तास वीस मिनिटं हातात होती. रतनबाईंचा मोबाइल त्या दिवशी मुलाकडे, परमेश्वरकडे होता, कारण त्याचा स्वतःचा फुटला होता. तो मेंढ्यांचं औषध आणायला चकलांब्याला गेला होता. तो म्हणतो, मोबाइल वाजलाच नाही. मोबाइलमध्ये निरोप नाही. लोक म्हणतात, पुसून टाकला.

रतनबाई तिसऱ्या दिवशी खाली पुलापाशी सापडल्या. मेंढ्या एकोणीस वाचल्या.

धुळाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, दिसत जवळजवळ नाही. ते त्या दिवसापासून मुलाशी बोललेले नाहीत. सून उज्ज्वला ताट पुढे ठेवते तेव्हा विचारतात, "पीठ कुनी दळून आनलं?" परमेश्वरनं आणलं असेल तर ताट सरकवतात. गावात परमेश्वर कुणाच्या ओट्यावर बसू शकत नाही. परवा पारावर कुणीतरी त्याला म्हणालं, "काय बे, आज कुनाचा निरोप खिशात हाय?" तो उठून गेला.

आता मुद्दा. कागद तुझ्या वडिलांनी लिहवून घेतला आहे, केंद्राच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. त्यात वाक्य आहे: 'केंद्राच्या नोंदीनुसार निरोप पोचला होता.' मला एकच सांग. तुझी स्क्रिप्ट 'पाठवला' हा शब्द कशावरून लिहिते?

यादी तू केलीस तीच आहे, एकेचाळीस नावांची. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

खुशाली विचारत नाही.

विजयमाला


उमापूर
२२ सप्टेंबर २०२४

रविराज,

तुझं पत्र काल मिळालं. पाच वर्षांनी चार ओळी. त्यातली कामाची एकच: 'यादीत कोणी हात घातला का? नावात मोकळी जागा चालणार नाही.'

हे तू मला कधी सांगितलं होतंस? मी माझ्या चारही वह्या तपासल्या. तू कळ कशी दाबायची, मोडेमची तार कुठं लावायची, कागद अडकला तर काय करायचं, हे सगळं सांगितलंस. माणसाचं नाव एका शब्दातच हवं, हे सांगितलं नाहीस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की यादी तूच केलेली आहे. ते खरं नाही. दोन जूनला मी त्यात एक नाव बदललं.

तू यादीत त्यांचं नाव 'रतनी' असं घातलं होतंस. तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास, गावात पोरं जशी हाक मारतात तसं घातलंस. मेमधल्या बैठकीत यादी वाचून दाखवली तेव्हा लोक हसले. बैठक संपल्यावर रतनबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, साठीची झाले मी. कागदावर तरी नीट लिवा की." मला ते पटलं. सत्तावीस वर्षं मी हजेरीपटावर प्रत्येक मुलीचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. मी 'रतनी' खोडून 'रतनबाई धुळाजी' लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

तुझं पत्र आल्यावर मी स्क्रिप्ट छापून घेतली आणि ओळ न् ओळ वाचली. कॉलेजात चिपच्या प्रयोगांसाठी तुला टीसीएल ही संगणकाची भाषा शिकवली होती म्हणून तू त्यातच लिहिलंस, आणि मग सुट्टीत मला तिची मुळाक्षरं शिकवलीस. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या गणिताच्या पदवीला ती पुरली. महिरपी कंसात ठेवलेलं जसंच्या तसं राहतं, दुहेरी अवतरणात ठेवलं तर डॉलर लावलेल्या शब्दाच्या जागी त्याच्या पोटातला मजकूर येऊन बसतो. एवढं मला येतं.

निरोप पाठवायचं काम स्क्रिप्ट स्वतः करत नाही. ती दुसऱ्या एका आज्ञेला बोलावते आणि तिला तीन गोष्टी देते: नाव, नंबर, निरोप. टीसीएलच्या हातून तू तिन्ही सुट्या दिल्या असत्यास, तर नावात चार शब्द असते तरी ते एकच नाव राहिलं असतं. टीसीएल ते मोडत नाही. तू तसं केलं नाहीस. तू ती ओळ आधी काळ्या पडद्यावर हातानं चालवून पाहिलीस, चालली, म्हणून तशीच उचललीस, सगळी मिळून एका दुहेरी अवतरणात बांधलीस आणि शेलला, म्हणजे त्या काळ्या पडद्यामागच्या दुभाष्याला, दिलीस. टीसीएलनं आत नाव भरलं, नंबर भरला, निरोप भरला. शेलच्या हाती पडली ती एक सलग ओळ. शेल मोकळ्या जागेवर तुकडे पाडतो. निरोपात पुष्कळ शब्द असणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून निरोपाला तू आतून एकेरी अवतरणं दिलीस. नावाला दिली नाहीस. तुझ्या यादीत सगळी नावं एका शब्दाची होती. नाव दोन शब्दांचं झालं की दुसरा शब्द नंबरच्या जागी जाऊन बसतो.

काल दुपारी मी स्वतःवर करून पाहिलं. यादीची वेगळी प्रत केली, त्यात फक्त माझं नाव आणि माझा नंबर. 'विजयमाला' असं ठेवलं, मोबाइल वाजला. 'विजयमाला उत्तरेश्वर' असं ठेवलं, मोबाइल वाजला नाही. नोंदवहीत दोन्ही वेळा 'पाठवला'.

मग मी तुझ्या स्क्रिप्टच्या प्रतीतून कॅचची ओळ काढली. तुला ठाऊक आहे ती काय करते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मी जबाबात असं लिहिणार आहे की आज्ञा फसली तर तिची ओरड ती ओळ तोंडावर हात ठेवून दाबते. आणि पुढची ओळ काही न विचारता 'पाठवला' लिहिते. हात काढल्यावर ओरड ऐकू आली. माझ्या बाबतीत पडद्यावर आलं: 'उत्तरेश्वर हा नंबर नाही.'

म्हणजे चार सप्टेंबरला बारा वाजून दहा मिनिटांनी यंत्रानं रतनबाईंच्या नवऱ्याचं नाव फिरवून पाहिलं. आणि म्हणालं, धुळाजी हा नंबर नाही. ते कुणी ऐकलं नाही.

त्या कॅचच्या ओळीवर तू टीप लिहून ठेवली आहेस: 'नंतर नीट करणे.' तारीख उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची आहे.

ती ओळ कशी आली ते मला आठवतं. तालमीला दोन नंबर बंद लागले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. मी तुला म्हणाले, उद्या पाहुण्यांसमोर एकही लाल ओळ दिसता कामा नये. तू म्हणालास, "आत्या, लपवतो मग." मी म्हणाले, लपव.

तेव्हा तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. सही मी केलेली नाही. कुणाला काही सांगितलेलंही नाही. तुझ्या उत्तराची वाट चार दिवस पाहीन.

विजयमाला


उमापूर
२७ सप्टेंबर २०२४

रविराज,

तू मला उत्तर देण्याआधी तुझ्या वडिलांना फोन केलास. ते ठीक. बद्रीनाथ काल सकाळी आला आणि चहा न घेता बसला. चहा नाकारणं म्हणजे त्याचा मोठाच राग.

"आक्का, कावून उकरायलीस हे?"

मी म्हणाले, उकरत नाही, वाचते आहे.

"सही कर न् मोकळी हो. परमेश्वरला कोन फासावर द्यायलंय? दोन म्हैने लोक बोलतेल, मंग दुसरं सापडल त्यान्ला."

"आणि धुळाजी?"

"धुळाजीचं वय झालंय."

"म्हणजे त्यानं मरेपर्यंत पोराच्या हातचं खाऊ नये."

त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "रविराजचं नाव हाय ना त्यात, पैल्या ओळीत. तुला कचेरीत न्यायचंय का माझ्या पोराला? उद्या पेपरात येईल, अध्यक्षाच्या पोराच्या यंत्रानं बाई मारली. निवडनुकीचं सोड. त्याची नोकरी जाईल, आक्का."

मी विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं का रे?"

"मला काय कळतंय त्यातलं. मी इतकंच बघितलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस म्होरं पाठवला लिवलंय. लिवलंय ते खरं. अजून काय पाह्यचं असतंय मानसानं?"

ह्यात तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. तेच वाईट आहे.

जाता जाता मी त्याला आणखी एक विचारलं, जे मी पाच वर्षं विचारलं नव्हतं. तुझी आई, केशर, शेवटच्या आजारात होती तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की रविराजला कळव, गंभीर आहे, उद्याच्या उद्या ये म्हण. कळवलं होतंस का? तो चपला घालत होता. म्हणाला, "परीक्षा का काय होती त्याची कंपनीत. म्हनलं बरी होईल ही. चार दिवसानी सांगू."

तेराव्यानंतर मी तुला पत्र लिहिलं. आईच्या तोंडात पाणी घालायला ज्याला सवड नाही त्यानं ह्या घरात तोंड दाखवू नये, असं त्यात होतं. तू उलट कळवलंस की तुला कुणी काही सांगितलं नाही. मी ते मानलं नाही, कारण मी सांगायला सांगितलं होतं. ते वाक्य मी मागे घेते. पत्रातलं बाकीचं, दहावीपासून अर्धवट कामं करण्याच्या तुझ्या सवयीबद्दलचं, मागे घेत नाही. पुरावा टेबलावर आहे.

आता तुझ्या कालच्या पत्राबद्दल. तू लिहितोस, 'आत्या, दोन ओळी बदल, जुनी फाइल काढून टाक, नावातली मोकळी जागा काढ. पुढे कुणाचं नुकसान होणार नाही. जे झालं ते परत येत नाही. मी शिकत असताना लिहिलेली गोष्ट आहे.' आणि खाली दोन ओळींत दुरुस्ती बरोबर लिहिली आहेस. मी ती पडताळून पाहिली. नाव, नंबर, निरोप सुटे दिले, मध्ये शेल नाही. आज्ञा फसली तर नोंदवहीत लाल अक्षरात 'गेला नाही'. नीट आहे. तीन मिनिटांचं काम होतं.

दुरुस्ती मी नव्या फाइलवर केली आहे आणि आजपासून केंद्र तिच्यावर चालतं. जुनी फाइल मी काढलेली नाही. काढणार नाही.

तू म्हणशील, आत्या कडक आहे, तत्त्वाची आहे, म्हणून भाच्याला सोडत नाही. तसं नाही. तुला अजून एक गोष्ट सांगितलेली नाही. ती मी पहिल्या पत्रात लिहिली नाही, दुसऱ्यातही नाही, आणि काल बद्रीनाथसमोर जिभेवर आली तरी गिळली.

पंधरा जुलैला आपण पावसाळ्यातला चाचणी निरोप पाठवला. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. मी कुणाला फोन करून विचारत नाही. ज्याला आला नाही त्यानं येऊन सांगायचं. दहा वर्षांत नंबर बदललेले चार-सहा जण सोडले तर कुणी आलं नाही.

रतनबाई आल्या. चार किलोमीटर चालत, दुपारच्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून. दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, आमच्या मोबाइलावर काय वाजलं न्हाई."

मी जूनचा अहवाल लिहीत होते. म्हणाले, "वाजलं असेल, तुम्हांला कळलं नसेल. परमेश्वरला वाचायला सांगा."

"वाजलंच न्हाई तर त्यो काय वाचल?"

मला राग आला. मी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि बोट ठेवलं. "हे बघा. रतनबाई धुळाजी. पाठवला." त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी वाकून पाहिलं. माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिवलंय व्हय. मंग आला असल."

मी त्यांना पाणीही विचारलं नाही. त्या गेल्या आणि मी अहवाल पुरा केला.

यंत्राला न कळण्याची सोय होती. मला एक माणूस चालत येऊन सांगून गेलं. पन्नास दिवस आधी. तेव्हा तुझं नाव वाचवायला मी जुनी फाइल काढली तर त्याबरोबर माझंही वाचेल, हे मला पहिल्या दिवसापासून दिसतं आहे. म्हणूनच ती काढता येत नाही.

नोकरी जाईल का, मला माहीत नाही. कुणी तुला विचारलंच तर खरं सांग. बावीस वर्षांचा होतास, सुट्टीत फुकट लिहून दिलंस, टीप लिहून ठेवलीस, आणि ती टीप वाचायचं काम ज्या बाईचं होतं तिनं ती दहा वर्षं वाचली नाही. हे सगळं माझ्या जबाबात आहे. तुझं नाव पहिल्या ओळीत राहील. माझं प्रत्येक पानाखाली आहे.

सोमवारी मी धुळाजी आणि परमेश्वरला केंद्रात बोलावलं आहे. तुला यायचं असेल तर ये. नाही आलास तर कळेल.

आत्या


उमापूर
३० सप्टेंबर २०२४

रविराज,

तू आला नाहीस. काय झालं ते लिहिते, कारण तुझ्या वडिलांकडून ऐकशील ते वेगळं असेल.

परमेश्वर आणि उज्ज्वलानं धुळाजींना दोन बाजूंनी धरून जिना चढवला. वर आल्यावर धुळाजींनी मुलाच्या बाजूचा हात सोडवून घेतला. बद्रीनाथ आधीच येऊन खुर्चीवर बसला होता. मी त्याला उठवून ती धुळाजींना दिली.

मी आधी बोलून सांगायचा प्रयत्न केला. अवतरणं, मोकळी जागा, शेल. परमेश्वर ऐकत होता. धुळाजी ऐकत नव्हते. म्हणाले, "बाई, आधी कागद म्हनला पाठवला. आता तुमी म्हनता न्हाई पाठवला. उद्या तिसरं कोन तरी तिसरं म्हनल. मला कागद नगं."

"मग काय हवं?"

"मी आंधळा हाय, भैरा न्हाई."

हे मला सुचायला हवं होतं. मी जुनी स्क्रिप्ट लावली, यादी चार सप्टेंबरला होती तशीच, पण त्यांचं एकच नाव ठेवून. रतनबाईंचा मोबाइल परमेश्वरच्या खिशात होता. तो काढून मी टेबलावर, धुळाजींच्या हाताशी ठेवला. परमेश्वरनं आवाज पूर्ण वाढवला. मी म्हणाले, आता दाबते.

छपाईचं यंत्र खरखरलं. 'रतनबाई धुळाजी. पाठवला.'

"दाबलं का?" धुळाजी.

"दाबलं."

"मंग?"

"मग हेच. एवढंच झालं होतं."

ते मान वाकडी करून मोबाइलकडे कान देऊन बसले. खाली पिठाची गिरणी चालू होती, ती मध्येच बंद पडली, तेव्हा खोलीत काहीच आवाज राहिला नाही. बद्रीनाथ म्हणाला, "रेंज नसल आज."

मी नावातलं 'धुळाजी' काढलं. फक्त 'रतनबाई' ठेवलं आणि परत दाबलं. सात-आठ सेकंदांत मोबाइल वाजला. टेबलावर थरथरला सुद्धा. धुळाजींनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि थांबेपर्यंत उचलला नाही.

उज्ज्वला दारात उभी होती. तिनं डोईवरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ, आता म्हना की, आमच्या मालकानं पुसून टाकला."

बद्रीनाथनं खिडकीबाहेर पाहिलं.

"परत दाबा," धुळाजी म्हणाले. "पैल्यावानी. ती व्हती तसं."

मी दोन शब्दांचं नाव परत घातलं आणि दाबलं. परत 'पाठवला'. ह्या वेळी ते खूप वेळ बसले. न येणाऱ्या आवाजाची वाट किती वेळ पाहायची हे कुणाला ठरवता येत नव्हतं. शेवटी मीच यंत्र बंद केलं आणि जुलैची गोष्ट सांगितली. उभं राहून सांगितली. रतनबाई आल्या होत्या, मोबाइल वाजत नाही म्हणाल्या, मी नोंदवहीवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं.

परमेश्वर माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं तो काही करेल. करता तर मी अडवलं नसतं. तो इतकंच म्हणाला, "म्हंजे आईनं सांगितलं व्हतं तुमाला."

"हो."

"अन् त्या दिवशी पारावर लोक मला बोलले, तवा तुमी दुकानापाशी व्हतात."

"होते."

मी माफी मागितली. ती कुणी घेतली नाही, आणि घ्यावी असा आग्रहही मी धरला नाही.

मग धुळाजी बोलले. मोबाइलवरचा हात तसाच होता. "मला म्हनली व्हती ती. घरी येऊन. बाईनं दाखिवलं, लिवलंय म्हनून. मी म्हनलो, लिवलंय तर गप बस की. शिकल्याली मानसं हायती, त्यान्ला कळत न्हाई का." मग त्यांनी मान दाराकडे वळवली. परमेश्वर दाराकडे नव्हता, भिंतीशी होता. दाराकडेच बघून ते म्हणाले, "परमेसर, भाकर खाल्ली का रे सकाळी?"

सव्वीस दिवसांत मुलाशी बोललेलं हे पहिलं.

परमेश्वर जिना उतरून खाली गेला. उज्ज्वला त्याच्यामागे निघाली, मग परत फिरून सासऱ्यापाशी उभी राहिली. आम्ही पंधरा मिनिटं तसेच बसलो. बद्रीनाथ म्हणाला, "मी जातो," आणि गेला नाही. परमेश्वर वर आला तेव्हा त्याचं तोंड धुतलेलं होतं. बापाकडे न बघता तो म्हणाला, "कुठं सही करायची?"

त्यानं एकेक कागद हातात घेऊन वाचला. तुझं नाव आल्यावर थांबला आणि विचारलं, "हे रविराज म्हंजे ते, ज्यांला आई दूध न्यायची?" मी हो म्हणाले. तो पुढचं पान वाचू लागला.

केंद्राचं काम मी आजपासून सोडलं आहे. यादीतल्या चाळीस जणांना मी स्वतः घरोघर जाऊन विचारणार आहे, जुलैमध्ये वाजला होता का. चकलांब्यापासून सुरुवात करते. पत्र लिहायचं असेल तर घरच्या पत्त्यावर लिही.

खाली पोचपावतीची नक्कल देते. मूळ परमेश्वरकडे आहे.

आत्या

दिल्या-घेतल्याची नोंद. उमापूर, ३० सप्टेंबर २०२४, दुपारी चार.

निरोप पाठवणाऱ्या स्क्रिप्टची छापील प्रत, पाने तीन, फाइलमध्ये काहीही न बदलता. लिहिणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत आहे ते तसेच.

नावांची यादी, दोन जूनच्या आधीची एक आणि नंतरची एक. बदल कोणी केला ते बाजूला लिहिले आहे.

नोंदवहीतील १५ जुलै व ४ सप्टेंबरची पाने, मूळ. वहीत त्या जागी नक्कल लावली.

आजच्या तीन चाचण्यांचे कागद, वेळ घालून. मोबाइल कोणत्या वेळी वाजला व कोणत्या वेळी वाजला नाही ते हजर असलेल्यांसमोर लिहिले.

विजयमाला उत्तरेश्वर यांचा जबाब, पाने दोन. १५ जुलैची हकिगत दुसऱ्या पानावर.

समितीने सहीसाठी दिलेला कागद, सही न करता.

आजच्या चाचण्यांचे कागद सोडून बाकी सर्वांचा दुसरा संच तालुक्याच्या कचेरीत आज सकाळी दिला, पोच सोबत.

देणार: विजयमाला उत्तरेश्वर, सही.
घेणार: परमेश्वर धुळाजी, सही.
वाचून दाखवले, ऐकले: धुळाजी, डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: उज्ज्वला परमेश्वर, सही.
बद्रीनाथ उत्तरेश्वर हजर होते. सही केली नाही.